कानापासून मनापर्यंत

आमच्या शाळेचे छप्पर पत्र्याचे होते. रत्नागिरी जिल्ह्यातील ज्या खेड्यात माझे बालपण गेले तेथे मृगापासून हस्तापर्यंत त्या पत्र्यावर पाऊस कोसळत असे, आणि त्या अवधीत गुरुजींचा आवाज कानावर पडत असूनही त्यातील शब्द माझ्या हाती लागत नसत. शुद्धलेखन चालू असता गुरुजी 'बाग' म्हणाले की 'भाग', 'गडी' म्हणाले की 'घडी', याचा निर्णय होण्यापूर्वीच पुढचे वाक्य सुरू झालेले असे; मग शेजारणीच्या पाटीवर नजर टाकून, अर्ध्या शब्दावरून उरलेला शब्द ताडून, मी काहीतरी लिहून मोकळी होई. पहिल्या सहामाहीत मी नापास होई आणि पाऊस सरल्यावरच्या दुसऱ्या सहामाहीत पहिल्या पाचांत येई. प्रगतिपुस्तकावरील शेरा मात्र वर्षानुवर्षे एकच राहिला : 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' पावसाचा आणि माझ्या गुणांचा संबंध इतका उघड होता की आज तो लिहिताना हात थबकतो. तथापि तो ना गुरुजींच्या ध्यानात आला, ना आईच्या, ना माझ्या. मीही तो शेरा खरा मानला आणि पन्नाशीपर्यंत मानीत राहिले.

आपल्या भाषेत 'ऐकू येणे' आणि 'ऐकणे' या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि 'हा मुलगा ऐकत नाही' असे कोणी म्हटले की तो हट्टी, उद्धट अथवा बेफिकीर आहे, असाच अर्थ घरोघर घेतला जातो. बृहदारण्यकोपनिषदातही, मन अन्यत्र होते म्हणून ऐकले नाही, असे सांगणाऱ्या माणसाचा दाखला देऊन खरे ऐकते ते मनच, असे प्रतिपादन केले आहे. त्या प्रतिपादनाविषयी माझी तक्रार नाही. परंतु एका टोकाला कान, दुसऱ्या टोकाला मन, आणि मध्ये काहीच नाही, अशी जी समजूत व्यवहारात रूढ आहे तिच्यामुळे माझ्यासारख्या माणसांची फार कुचंबणा होते. कारण ज्याचा कान शाबूत आहे त्याचे न समजणे आपोआप मनाच्या खाती, म्हणजेच स्वभावाच्या खाती, जमा होते. वस्तुतः कानापासून मनापर्यंत एक वाट आहे, ती बरीच लांब आहे, आणि ती नादुरुस्त असली तर कान शाबूत असूनही व मन एकाग्र असूनही बोललेले शब्द मुक्कामी पोचेपर्यंत अर्धेमुर्धे होतात. या विकाराला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर असे नाव आहे; मराठीत त्याला श्रवणप्रक्रियेतील दोष म्हणता येईल.

ही वाट कशी आहे ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे ३,५०० आतल्या रोमपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्संदेशांत रूपांतर करण्याचे मुख्य काम त्यांचे. तेथून जवळजवळ ३०,००० तंतूंची श्रवणचेता ते संदेश मस्तिष्कस्तंभात नेते, आणि तेथून कानशिलाच्या आतील बाजूस असलेल्या मेंदूच्या खंडापर्यंत जाताना त्यांना अनेक चौक्यांवर थांबावे लागते. प्रत्येक चौकीवर काही ना काही रुजवात होते. एके ठिकाणी दोन्ही कानांतील संदेश प्रथमच शेजारी ठेवले जातात आणि आवाज कोणत्या कानाला किती आधी पोचला ते ताडून त्याची दिशा ठरविली जाते. हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी सहा-सात भाग एवढाच असतो, आणि लग्नमंडपाच्या कोलाहलातून समोरच्या एकाच माणसाचे बोलणे वेगळे काढता येणे, हे पुष्कळ अंशी या चिमुकल्या फरकावर अवलंबून असते. पुढे मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड सेतू लागतो. बहुसंख्य माणसांत भाषेचे मुख्य ठाणे डाव्या गोलार्धात असल्यामुळे, दोन्ही कानांवर एकाच वेळी निरनिराळे बोलणे पडले तर डाव्या कानातील बोलण्याला आधी उजव्या गोलार्धात जाऊन मग या सेतूवरून डावीकडे यावे लागते. लहान मुलांत हा सेतू अजून पक्का व्हायचा असतो, आणि म्हणून या विकाराच्या बहुतेक चाचण्या सात वर्षांखालील मुलांवर घेऊ नयेत असा संकेत आहे.

मराठी बोलणाऱ्याला तर काळाचे हे सूक्ष्म भान पदोपदी लागते. 'काल' आणि 'खाल', 'ताट' आणि 'थाट' या जोड्यांतील शब्द एकमेकांपासून वेगळे होतात ते एका श्वासाने : व्यंजन सुटल्यावर कंठातील कंप काही शतांश सेकंद उशिरा सुरू झाला की अल्पप्राणाचा महाप्राण होतो. ज्याच्या श्रवणमार्गात हे शतांश सेकंद पुसट होतात त्याला मराठीची कितीतरी व्यंजने जोडजोडीने एकमेकांत मिसळलेली भासतात, आणि संदर्भावरून ते सोडवीत बसणे हाच त्याचा दिवसभराचा व्यवसाय होतो. संध्याकाळी अशा माणसाला बोलवेनासे होते, त्याला घरचे लोक 'तुसडेपणा' म्हणतात. तो थकवा असतो.

या विकाराची ओळख वैद्यकाला होऊन फार काळ लोटलेला नाही. १९५३ साली कॉलिन चेरी या इंग्लंडमधील संशोधकाने, मेजवानीच्या गर्दीत माणूस एकच संभाषण कसे काय ऐकू शकतो, हा प्रश्न प्रयोगाच्या रूपाने मांडला. पुढच्याच वर्षी इटलीतील बोक्का, कालेआरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, मेंदूच्या कानशिलाकडील खंडात गाठ असलेल्या रुग्णांना नेहमीच्या कर्णतपासणीतील सूर उत्तम ऐकू येतात, परंतु त्याच माणसांना मुद्दाम गाळून अस्पष्ट केलेले बोलणे गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने समजत नाही. त्याच १९५४ साली अमेरिकेत हेल्मर मायकलबस्ट यांनी मुलांच्या श्रवणदोषांवरील ग्रंथात, कान चांगला असूनही ऐकण्यात अडचण येणाऱ्या मुलांकडे लक्ष वेधले. आणि १९६१ मध्ये माँट्रिऑल येथे डोरीन किमुरा यांनी दोन कानांत एकाच वेळी दोन निरनिराळे अंक ऐकवून मेंदूच्या दोन बाजूंच्या कामाचा छडा लावला. ही चाचणी साठ वर्षांनी माझ्याच वाट्याला येणार होती.

शाळा सुटल्यावर मी पुण्यात एका बँकेत नोकरीस लागले आणि पंचवीसहून अधिक वर्षे रोख काउंटरवर बसले. मागे नोटा मोजण्याचे यंत्र, वर पंखा, समोर रांग. 'सत्याहत्तर', 'सत्याऐंशी' आणि 'सत्याण्णव' हे तीन शब्द माझ्या आयुष्यात जितके अश्रू आणून गेले तितके कोणत्याही दुःखाने आणले नसतील. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला; भाषेच्या डौलाविषयी दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते वाचताना मला एवढेच वाटत राहिले की मी त्या वर्गात असते तर मला तो आकडा प्रथमच नीट ऐकू आला असता. मी माझ्यापुरता शिरस्ता घालून घेतला होता : रक्कम तोंडी ऐकायची नाही, पावतीवर पाहायची, आणि माणसाच्या ओठांवरची नजर काढायची नाही. डोळ्यांची ही मदत केवळ मनाचे समाधान नव्हे. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिले की ओठांची हालचाल एका अक्षराची आणि आवाज दुसऱ्या अक्षराचा असला तर ऐकणाऱ्याला भलतेच तिसरे अक्षर ऐकू येते, इतका डोळा ऐकण्यात सामील असतो.

२०२० साली करोनाच्या साथीत सर्वांनी मुखपट्ट्या बांधल्या. बँका चालूच होत्या. काउंटरला काचेच्या जोडीला प्लास्टिकचा पडदाही आला, आणि ओठ दिसेनासे होताच माझे ऐकणे एका आठवड्यात संपुष्टात आले. एका वृद्ध खातेदाराने चार वेळा सांगूनही मला त्यांचे म्हणणे कळले नाही, तेव्हा ते खिन्नपणे म्हणाले, "ताई, लक्ष कुठंय तुमचं?" चाळीस वर्षांपूर्वीचा शेरा पुन्हा समोर उभा राहिला. त्या दिवशी मी कान तपासून घेण्याचे ठरविले.

पहिल्या तपासणीत २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतचे सूर मला व्यवस्थित ऐकू आले. आलेख हाती देऊन डॉक्टर म्हणाले की कान उत्तम आहेत, काळजीचे कारण नाही. मी जिन्यात बसून रडले. ज्या तपासणीने निश्चिंत व्हायचे तिने माझ्यावरील जुना आरोपच शाबीत केला होता. सुदैवाने एका तरुण श्रवणतज्ज्ञ बाईंनी माझी कैफियत पूर्ण ऐकून घेतली आणि दुसऱ्या प्रकारच्या चाचण्या घेतल्या. दोन कानांत एकदमच निरनिराळे अंक. उंच-नीच सुरांचे क्रम ओळखणे. सलग खरखरीत दडवलेली काही सहस्रांश सेकंदांची पोकळी हेरणे. आणि गोंगाट हळूहळू वाढवीत नेत मराठी वाक्ये ऐकविणे, कारण बोलण्याची चाचणी मातृभाषेतच व्हावी लागते. डाव्या कानातील अंक मी जवळजवळ सारे गमावले आणि गोंगाट सुरू होताच वाक्येही गेली. बाईंनी लहानपणी कान फुटत असे का, असे विचारले. आमच्याकडे दर पावसाळ्यात माझा कान वाहत असे आणि आई लसूण घालून कढवलेले तेल त्यात सोडीत असे (हा उपाय कोणीही करू नये). ज्या वयात मेंदू आवाज उकलायला शिकतो त्या वयात महिनोन्महिने कान तुंबलेला राहिला, तर पुढे असा दोष राहण्याचा संभव वाढतो, असे त्यांनी समजावून सांगितले.

या निदानाविषयी विद्वानांत एकमत नाही, हे लपविणे योग्य होणार नाही. २०१० साली इंग्लंडमध्ये डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांनी सुमारे दीड हजार मुलांच्या तपासणीवरून असे मत मांडले की ऐकण्याच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी कानाच्या मार्गापेक्षा अवधानाचा प्रश्न असतो. उलट ऑस्ट्रेलियात शॅरन कॅमेरन आणि हार्वी डिलन यांनी, दिशेवरून आवाज वेगळा काढण्याची शक्तीच काही मुलांत उणी असते आणि सरावाने ती सुधारते, असे दाखवून दिले आहे. माझ्यापुरते मला असे वाटते की अवधानही शरीराचाच व्यापार आहे, आणि ते उणे असणे हाही गुन्हा नव्हे. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले. त्यात श्रवणदोषाचे माप दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची हानी असे आहे, म्हणजे माझ्यासारखीला तो दरवाजा बंदच. विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत मात्र बोलल्या जाणाऱ्या भाषेच्या प्रक्रियेतील उणीव आणि संवेदनग्रहणातील दोष यांचा उल्लेख आहे. शाळकरी मुलांच्या पालकांनी तो अवश्य वाचावा.

उपाय साधे आहेत आणि त्यांत औषध नाही. शिक्षकाचा आवाज वर्गातील गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वर असावा, वर्गात घुमणारा नाद ०.६ सेकंदाच्या आत विरावा, असे अमेरिकन मानक व तेथील तज्ज्ञ सांगतात. जाड पडदे, बाकांच्या पायांना रबर, छपराखाली तक्तपोशी, पुढची जागा, फळ्यावर लिहिलेल्या सूचना, आणि शक्य असल्यास शिक्षकाच्या गळ्यातील मायक्रोफोनवरून थेट मुलाच्या कानात येणारा आवाज, यांनी पुष्कळ साधते. कोकणातील पत्र्याखाली तक्तपोशी घातलेली एखादी शाळा दिसली की मी आजही क्षणभर थांबते.

परंतु या सर्वांहून मोठे औषध मला निराळ्याच ठिकाणी लाभले. श्रवणतज्ज्ञ बाईंनी आणखी एका व्यक्तीची गाठ घालून दिली, तिने दुसऱ्या एकाची, आणि असे करता करता आम्ही सहा-सात जण महिन्यातून एका रविवारी एकमेकांच्या घरी जमू लागलो. एक एसटीचे कंडक्टर आहेत. इंजिनाच्या घरघरीत प्रवाशांच्या ओठांवरून गावांची नावे वाचीत त्यांनी वीस वर्षे काढली. एक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. साताऱ्याहून बारा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर येतो. वैशाखातही आम्ही पंखा बंद ठेवतो आणि घाम पुशीत बोलतो. उघड्या फरशीवर आवाज घुमतो म्हणून सतरंजी अंथरतो, आणि ज्याला बोलायचे असेल तो आधी हात वर करतो, म्हणजे कोणाच्या तोंडाकडे पाहायचे ते कळते. खाण्याला शिरा असतो, चिवडा नसतो. कारण स्वतःच्या दातांखालचा कुरकुराट डोक्यात भरला की दुसऱ्याचे बोलणे बुडून जाते, ही गोष्ट मी आयुष्यभर एकटीचीच विचित्र सवय समजत होते आणि पहिल्याच भेटीत कंडक्टरांनी ती माझ्याआधी बोलून दाखविली.

तेथे एक नियम न ठरविताच रुजला आहे. 'जाऊ दे' असे कोणी म्हणत नाही. आम्हां सर्वांना आयुष्यात सर्वाधिक जखमी केले असेल तर ते याच दोन शब्दांनी : आपण विचारतो, 'काय म्हणालात?', आणि समोरचा माणूस, आपला पती, बहीण, मैत्रीण, हात हलवून म्हणतो, 'जाऊ दे, काही विशेष नाही.' ते विशेष नसते हे खरे असेल. पण त्या क्षणी सारी पंगत पुढे निघून जाते आणि आपले पान मांडलेले राहते.

गेल्या दिवाळीच्या आदल्या रविवारी माझ्या घरी बैठक होती आणि खाली रस्त्यावर फटाके वाजू लागले होते. साताऱ्याच्या मुलाने हात वर केला आणि तो काहीतरी किल्ल्याविषयी सांगू लागला. मला 'हळूहळू उजळलं' असे ऐकू आले. मी पुन्हा विचारले; त्याने तेच पुन्हा, तितक्याच उत्साहाने सांगितले. तरीही मला कळले नाही, आणि सवयीने मी मान डोलावून हसणार एवढ्यात तो उठला, माझ्या समोर येऊन मांडी घालून बसला, फटाक्यांची माळ संपेपर्यंत थांबला, आणि शब्द बदलून म्हणाला, "मावशी, आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर मी हळीव पेरलं होतं ना, ते आज सगळं हिरवं झालं."