साठवलं म्हणजे जपलं? डिजिटल साहित्याविषयीचे पाच गैरसमज

विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आता बरीचशी जर्नल्स इलेक्ट्रॉनिक रूपात येतात, पीएच.डी.चे प्रबंध पीडीएफमध्ये जमा होतात आणि लेखकांची हस्तलिखितं हार्ड डिस्कवर असतात. हे सगळं जपणं कागदापेक्षा सोपं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते अधिक अवघड आहे, आणि त्यासाठी जाणती माणसं कायम कामावर असावी लागतात.

गैरसमज १ : ऑनलाइन आलेलं कायम राहतं.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या लिंक हार्वर्डच्या अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा जवळपास निम्म्या ठिकाणी मूळ मजकूर सापडला नाही. त्यावर उपाय म्हणून हार्वर्डच्या विधी ग्रंथालयानं २०१३ मध्ये ‘पर्मा’ ही सेवा सुरू केली. त्यात उद्धृत केलेल्या पानाची प्रतच जपून ठेवली जाते. शोधनिबंधांची स्थितीही चिंताजनक आहे. संशोधक मार्टिन ईव्ह यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डीओआय क्रमांक, म्हणजे ऑनलाइन प्रकाशनाचा कायमचा ओळख-क्रमांक, असलेली सुमारे ७० लाख प्रकाशनं तपासली. त्यांतली २८ टक्क्यांच्या आसपास प्रकाशनं कोणत्याही मोठ्या संग्रहात जतन झालेली दिसली नाहीत. डीओआय क्रमांक घराचा पत्ता सांगतो. घर उभं राहील याची हमी देत नाही.

गैरसमज २ : बॅकअप घेतला की काम झालं.

वस्तुस्थिती : डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधल्या क्योतो विद्यापीठात महासंगणकाच्या बॅकअप प्रणालीतच चूक झाली आणि सुमारे ७७ टेराबाइट संशोधन-माहिती पुसली गेली. धोका नेहमी असा ढळढळीत दिसतही नाही. एखादी फाइल आतल्या आत बिघडली, तर बॅकअपमध्ये बिघडलेलीच फाइल उतरते. म्हणून ग्रंथालयं प्रत्येक फाइलचा ‘चेकसम’ नोंदवतात. फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली ही ओळख-संख्या एक अक्षर बदललं तरी बदलते, त्यामुळे ती ठरावीक काळानं पुन्हा काढून पडताळता येते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९९ च्या सुमारास सुरू झालेली ‘लॉक्स’ ही व्यवस्था याच्या पुढं जाते. वेगवेगळ्या ग्रंथालयांतल्या प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात आणि बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवरून दुरुस्त होते.

गैरसमज ३ : फाइल शाबूत म्हणजे साहित्य शाबूत.

वस्तुस्थिती : इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेल्या जमीन-नोंदणीच्या ‘डोम्सडे बुक’ला ९०० वर्षं झाली, तेव्हा बीबीसीनं देशाची नवी नोंद लेझर डिस्कवर केली. शाळाशाळांतल्या मुलांनी आपापल्या गावांची माहिती त्यासाठी पाठवली होती. पंधराएक वर्षांतच त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली, पण चर्मपत्रावरचं मूळ पुस्तक आजही वाचता येतं. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राचं वागणं नव्या संगणकावर हुबेहूब उभं करून, म्हणजेच एम्युलेशन करून, ती नोंद पुन्हा चालवून दाखवली.

संगणकासाठीच लिहिलेल्या साहित्यात पेच आणखी वाढतो. मायकल जॉइस यांच्या ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ या कथेत वाचक ज्या शब्दावर क्लिक करतो, त्याप्रमाणे कथेची वाट बदलते. ती कागदावर छापली तर शब्द उरतील, पण ही वाट निवडणं हरवेल. फ्लॅश या वेबवरच्या अ‍ॅनिमेशन-तंत्रावर केलेल्या असंख्य कविता आणि कथांचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या तंत्राची देखभाल थांबली तेव्हा सुटला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या व्हँकुव्हर इथल्या प्रयोगशाळेत म्हणूनच जुने संगणक चालू स्थितीत राखले जातात आणि त्यांवर अशा कृती वाचल्या जात असतानाचं चित्रीकरण करून ठेवलं जातं.

मराठीत हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींत मजकूर टाइप होत असे. त्या काळच्या फाइली योग्य फॉन्टशिवाय उघडल्या की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. रूपांतर करणाऱ्या प्रणाली आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं नीट उतरली का, हे मराठी जाणणाऱ्या माणसालाच तपासावं लागतं.

गैरसमज ४ : वर्गणी भरली म्हणजे ई-जर्नल ग्रंथालयाचं झालं.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा ग्रंथालय विकत घेतं तो फक्त वापराचा परवाना. मजकूर प्रकाशकाच्या सर्व्हरवर असतो. करारात कायमस्वरूपी हक्काचं कलम नसेल, तर वर्गणी थांबल्यावर जुने अंकही बंद होऊ शकतात. म्हणून करार वाचणारा ग्रंथपाल महत्त्वाचा. प्रकाशनच बंद पडलं तर ‘पोर्टिको’ आणि ‘क्लॉक्स’सारखे संग्रह उपयोगी पडतात, पण प्रकाशकानं मजकूर आधीच तिथं सोपवला असेल तरच.

गैरसमज ५ : सगळं डिजिटल झाल्यावर ग्रंथालयात माणसं कशाला?

वस्तुस्थिती : सलमान रश्दी यांचे जुने संगणक अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाकडे आले, तेव्हा ते नुसते कपाटात ठेवून भागलं नसतं. ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी हार्ड डिस्कच्या प्रती काढल्या, खासगी मजकूर वेगळा केला आणि एका संगणकाचं एम्युलेशन तयार केलं. २०१० पासून अभ्यासकांना रश्दींच्या फाइली त्यांच्याच जुन्या पडद्यासारख्या पडद्यावर पाहता येऊ लागल्या.

हे काम एकदा करून संपत नाही. फाइलचं स्वरूप ओळखणं, चेकसम पडताळणं, नोंदी करणं, हक्कधारकांची परवानगी मिळवणं आणि स्वरूप कालबाह्य होण्याआधी रूपांतर करणं, हे चक्र सतत चालू ठेवावं लागतं. ते दोन वर्षांच्या प्रकल्पावर नेमलेल्या माणसावर सोपवलं, तर अनुदान संपताच जाणकारही जातो आणि जाणकारीही.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंध-संग्रहात पोहोचू लागले, ही मोठीच सोय झाली. पण प्रबंधाच्या मूळ फाइली, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं आणि सर्वेक्षणाची माहिती ज्या त्या विद्यापीठानंच सांभाळायला हवी. संशोधकांनी मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, पीडीएफबरोबर मूळ फाइलही ग्रंथालयात जमा करावी. विद्यापीठांनी डिजिटल जतनासाठी कायमचं पद निर्माण करावं आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद करावी. नव्या सर्व्हरच्या खरेदीला मंजुरी देताना प्रत्येक व्यवस्थापन परिषदेनं आधी विचारावं : या फाइली दहा वर्षांनी उघडून पाहणारा माणूस आपण नेमला आहे का?