शाश्वत विकास ध्येये : आंतरराष्ट्रीय आढावा

शाश्वत विकासाची जी ध्येये संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य-देशांनी स्वीकारली आहेत, त्यांच्या दिशेने प्रत्येक देशाची प्रगती कितपत झाली, हे ठरावीक काळाने तपासून पाहण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था. २५ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्क येथील शिखर परिषदेत २०३० पर्यंतचा कार्यक्रम संमत झाला. त्यात १७ ध्येये व १६९ लक्ष्ये असून दारिद्र्य व भूक यांच्या निर्मूलनापासून आरोग्य, स्त्री-पुरुष समानता, पाणी, हवामान व सागरसंपत्ती येथपर्यंत त्यांचा विस्तार आहे. ‘कोणालाही मागे न ठेवणे’ हे त्यांमागील सूत्र होय.

आढाव्याचे काम उच्चस्तरीय राजकीय मंचावर चालते. १९९२ च्या रीओ परिषदेच्या फलितातून निर्माण झालेल्या शाश्वत विकास आयोगाची जागा २०१३ मध्ये या मंचाने घेतली. आर्थिक व सामाजिक परिषदेच्या आश्रयाने तो दरवर्षी भरतो आणि दर चार वर्षांनी आमसभेच्या आश्रयाने राष्ट्रप्रमुखांच्या पातळीवरही त्याची बैठक होते. देश आपला अहवाल आपणच तयार करून मंचापुढे मांडतात, इतर देशांचे प्रतिनिधी व सामाजिक संस्था प्रश्न विचारतात आणि तेथेच काम संपते. मानवी हक्कांच्या सार्वत्रिक आढाव्यात इतर देशांनी केलेल्या शिफारशी नोंदल्या जातात व त्या स्वीकारल्या की नाहीत, हे संबंधित देशाला सांगावे लागते. तशी कोणतीही तरतूद येथे नाही. म्हणूनच याला ऐच्छिक राष्ट्रीय आढावा असे म्हणतात. देशांची क्रमवारी लावणाऱ्या ज्या याद्या वृत्तपत्रांत येतात, त्या या मंचाने केलेल्या नसतात, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

२०१६ मध्ये २२ देशांनी पहिले अहवाल सादर केले. त्यानंतरच्या दशकात हैती, म्यानमार व अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे तीन देश वगळता सर्व सदस्य-देशांनी निदान एकदा तरी अहवाल मांडला. व्यवस्था ऐच्छिक असूनही मिळालेला हा प्रतिसाद लक्षणीय आहे. प्रगती मात्र त्या मानाने तोकडी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालानुसार मोजता येण्याजोग्या लक्ष्यांपैकी सु. ३५ टक्के लक्ष्यांच्या बाबतीत प्रगती पुरेशी किंवा मध्यम होती, तर १८ टक्के लक्ष्यांच्या बाबतीत परिस्थिती २०१५ पेक्षाही खालावली होती.

भारताने २०१७, २०२० व २०२५ या वर्षी अहवाल मांडले. ते तयार करण्याची जबाबदारी नीती आयोगाकडे असून निर्देशकांची राष्ट्रीय चौकट सांख्यिकी मंत्रालयाने आखली आहे. राज्यांची तुलना करणारा नीती आयोगाचा निर्देशांक २०१८ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यात देशाचे गुण २०१८ मध्ये ५७ होते, ते २०२३-२४ मध्ये ७१ झाले. तथापि दोन्ही वेळचे निर्देशक सारखे नसल्यामुळे ही वाढ जशीच्या तशी प्रगती मानणे योग्य ठरणार नाही.

यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण : राष्ट्रीय सरासरीत काय दिसते व काय दिसत नाही, हे विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यावरून स्पष्ट होते [⟶ यवतमाळ जिल्हा]. २०११ च्या जनगणनेनुसार सु. २७.७२ लक्ष लोकसंख्येचा हा जिल्हा कापसासाठी व त्याचबरोबर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर ओळखला जातो. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रु. ची मदतयोजना जाहीर केली, त्यांत यवतमाळचा समावेश होता. आत्महत्या हा आरोग्यविषयक तिसऱ्या ध्येयाखालील एक निर्देशक आहे. परंतु त्यात दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण तेवढे मोजले जाते. मृताचा व्यवसाय, त्याच्यावरील कर्ज व त्याच्या शेतातील नापिकी यांना त्यात स्थान नाही. उलट महाराष्ट्र शासनाच्या दप्तरी अशा प्रत्येक प्रकरणाची चौकशी होऊन ते ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरते व पात्र कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. सातबारा नावावर नसलेली, पण आयुष्यभर शेतात राबलेली स्त्री या निकषात बसणे कठीण असते. स्त्रियांची भूधारणा हा पाचव्या ध्येयाखालचा स्वतंत्र निर्देशक आहे. एकाच घरातील दुःख असे दोन रकान्यांत विभागले जाते आणि दोहोंचा संबंध कोणत्याच रकान्यात येत नाही.

२०१७ च्या जुलैमध्ये भारताचा पहिला अहवाल न्यूयॉर्क येथे मांडला गेला. त्याच खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी बरीच उंच वाढली होती. त्यामुळे पाठीवरील पंपाने फवारलेले विष चेहऱ्यावर व श्वासात जात होते. दोनतीन औषधे एकत्र मिसळण्याची रीत, संरक्षक कपड्यांचा अभाव व विक्रेत्याच्या सल्ल्यावरील भिस्त यांचीही त्यात भर पडली. शासनाने विशेष तपास पथक नेमले व काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. घातक रसायनांमुळे होणारे मृत्यू व आजार कमी करणे हे तिसऱ्या ध्येयातील एक लक्ष्य आहे, पण अपघाती विषबाधेच्या निर्देशकात फक्त मृत्यू मोजले जातात. विषबाधेतून वाचलेला, पण काही काळ दृष्टी वा काम करण्याची शक्ती गमावलेला मजूर त्यात येत नाही. शिवाय भारतात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी एक-चतुर्थांशाहूनही कमी मृत्यूंचे कारण वैद्यकीय रीत्या प्रमाणित होते. तेव्हा मृत्यूंचा आकडाही अंदाजावरच बेतलेला राहतो.

दुसरी अडचण नमुना पाहणीची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१५-१६ पासून देशातील सर्व जिल्ह्यांचे आकडे उपलब्ध करून दिले, ही मोठीच सोय झाली. मात्र केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतील पोडांवर राहणाऱ्या कोलामांची स्थिती जिल्ह्याच्या सरासरीतून कळत नाही. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक होय. पाहणीच्या नमुन्यात त्यांची घरे इतकी थोडी येतात, की त्यांवरून स्वतंत्र निष्कर्ष काढता येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी स्थानिक आढाव्याची पद्धत पुढे आली. न्यूयॉर्क शहराने २०१८ मध्ये असा अहवाल दिला. भारतात भोपाळ शहराने २०२३ मध्ये पुढाकार घेतला. असे अहवाल मुख्यतः शहरांचेच आहेत. ग्रामीण भागासाठी पंचायती राज मंत्रालयाने १७ ध्येयांची नऊ विषयांत मांडणी केली असून त्यावर आधारलेला पंचायत प्रगती निर्देशांक २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील माहिती ग्रामपंचायतींनी स्वतः भरावयाची असते. फवारणीतील विषबाधेची किंवा पोडावरच्या कुपोषणाची नोंद त्यात कितपत होईल, हे ग्रामसभा ती माहिती तपासून पाहते की केवळ तिच्यावर ठराव करते, यावर अवलंबून आहे.