अमोघवर्षाच्या राज्यातले विस्तारसूत्र

अंबाबाईच्या देवळाचा इतिहास सांगताना कोल्हापुरात एका राष्ट्रकूट राजाचे नाव हमखास निघते, ते म्हणजे अमोघवर्ष. प्रजेवरचे संकट टळावे म्हणून त्याने डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला वाहिले, असे शके ७९३ च्या संजाण ताम्रपटात कोरलेले आहे. ही महालक्ष्मी कोल्हापूरचीच, असे अनेक अभ्यासकांचे मत. याच राजाच्या कारकिर्दीत महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. ग्रंथाच्या आरंभी अमोघवर्षाची तोंडभरून स्तुती आहे. पुढे वर्ग करण्याच्या रीती येतात आणि तिथे आपले शाळेतले विस्तारसूत्र भेटते.

ज्या संख्येचा वर्ग हवा तिच्यात एक सोयीची संख्या मिळवायची आणि तीच वजाही करायची. आलेल्या दोन संख्यांचा गुणाकार करून त्यात सोयीच्या संख्येचा वर्ग मिळवायचा. म्हणजे (अ + ब)(अ − ब) + ब² = अ². भास्कराचार्यांच्या लीलावतीत हीच रीत आहे आणि सोबत फार नेमके उदाहरण आहे: तीनशेला तीन कमी, त्याचा वर्ग सांग. ३०० गुणिले २९४ म्हणजे ८८,२००. त्यात ९ मिळवले की ८८,२०९. पाटी-पेन्सिलही लागत नाही.

महावीराचार्यांचा ग्रंथ रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह १९१२ साली मद्रासला छापला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत १९६३ साली तो हिंदी अनुवादासह आला. त्या मालेच्या दोन संपादकांपैकी एक होते आ. ने. उपाध्ये, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले अर्धमागधीचे प्राध्यापक. प्राकृताच्या या पंडिताचे गणितावरचे हे ऋण कोल्हापूरकरांनी आवर्जून सांगायला हवे.

द्विपदींचा खरा गुणाकार मात्र भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त आहे, साल ११५०. अज्ञात राशी म्हणजे ‘यावत्तावत्’, लिहिताना नुसते ‘या’. सुट्या संख्येला ‘रू’. संख्या ऋण असली की तिच्या डोक्यावर टिंब. त्यांनी घातलेला प्रश्न असा: पाच ‘या’ उणे एक, याला तीन ‘या’ अधिक दोनने गुण.

पाच त्रिक पंधरा, हा ‘या’चा वर्ग, म्हणून ‘याव १५’. पाच दुणे दहा ‘या’. उणे एकाला तीन ‘या’ने गुणले की उणे तीन ‘या’. दोन्ही मिळून ‘या ७’. राहिले उणे एक गुणिले दोन, म्हणजे ‘रू २’, वर टिंब. आजच्या भाषेत १५क्ष² + ७क्ष − २. चार गुणाकार, मधल्या दोघांची बेरीज. आठवीतला मुलगा आज अगदी हेच करतो.

पण प्रश्न इथे संपत नाही. गुण्याची किंवा गुणकाची चिन्हे उलटी करून पुन्हा गुणाकार कर, असे भास्कराचार्य त्याच दमात सांगतात. गुण्य उणे पाच ‘या’ अधिक एक झाले, की उत्तर उणे पंधरा वर्ग, उणे सात ‘या’, अधिक दोन. तिन्ही पदांची चिन्हे फिरतात, आकडे जागचे हलत नाहीत. मुले अडखळतात ती नेमकी या उणे चिन्हापाशी. आपल्या पाठ्यपुस्तकांत एकाखाली एक नवी उदाहरणे असतात. एकच गणित चिन्हे बदलून लागोपाठ दोनदा करायला लावणारा हा जोडप्रश्न त्यांत जसाच्या तसा घालायला हवा.