पराभूत वीराविषयीची सहानुभूती : हेक्टर आणि कर्ण

महाकाव्यात विजयी वीराचा गौरव व्हावा हे स्वाभाविकच आहे; परंतु वाचकाचे अंतःकरण पुष्कळदा पराभूत वीराकडेच ओढ घेते. ही सहानुभूती म्हणजे त्या वीराची निर्दोषता मान्य करणे होय काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ग्रीक परंपरेतील हेक्टर आणि आपल्या परंपरेतील कर्ण ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत.

‘इलियड’चा आरंभ अकिलीसच्या क्रोधाने होतो, शेवट मात्र शत्रुपक्षाच्या हेक्टरच्या अंत्यसंस्काराने होतो. सहाव्या सर्गात हेक्टर पत्नी अँड्रोमकी हिचा निरोप घेतो. शिरस्त्राणावरचा तुरा पाहून तान्हे मूल रडू लागते, मातापित्यांना हसू येते आणि हेक्टर ते शिरस्त्राण भुईवर उतरवून ठेवतो. ट्रॉयचा विनाश अटळ आहे, हे त्याने याच भेटीत बोलून दाखविलेले असते. तथापि होमर त्याचे दोष झाकीत नाही. सैन्य तटाच्या आत घ्यावे हा पॉलिडमसचा सल्ला तो अठराव्या सर्गात धुडकावून लावतो. पुढे आपल्याच हट्टाने लोकांचा नाश ओढवला या लज्जेने तो तटाबाहेर एकटा उभा राहतो, आणि अकिलीस जवळ येताच भयाने नगराभोवती तीन वेळा धावतो. हे सर्व पाहूनही आपली सहानुभूती उणावत नाही.

कर्णाची गोष्ट अशीच आहे. उद्योगपर्वात श्रीकृष्ण त्याला जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो. अधिरथ-राधेचे वात्सल्य आणि दुर्योधनाचे उपकार स्मरून कर्ण ते नाकारतो. विजय पांडवांचाच होणार, हे तो जाणून आहे. त्याच संवादात, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना आपण जी कटू वचने बोललो त्यांचा आता पश्चात्ताप होतो, अशी कबुलीही तो देतो. मात्र कबुलीने कृत्य पुसले जात नाही. सतराव्या दिवशी रथाचे चाक भूमीत रुतते आणि कर्ण धर्माची आठवण करून देतो, तेव्हा कृष्ण त्याच्यापुढे द्यूतसभा, द्रौपदीची विटंबना आणि अभिमन्यूचा वध यांचा हिशेब मांडतो. वाचकाची करुणा जेथे शिगेला पोहोचते, नेमके तेथेच व्यासांनी हे दोषारोप ठेवावेत, यात मोठा अर्थ आहे. करुणा आणि न्याय यांपैकी एकाचाही बळी येथे दिलेला नाही.

शोकात्म नायक पूर्ण सज्जन नसावा आणि दुर्जनही नसावा, हे ॲरिस्टॉटलचे मत या ठिकाणी आठवते. सर्वथा निष्पाप मनुष्याचा नाश आपणांस उद्विग्न करतो. दुष्टाचा नाश मनाला स्पर्श करीत नाही. करुणेचे क्षेत्र या दोहोंमध्ये आहे.

आधुनिक मराठी साहित्याने कर्णाला विशेष जवळ केले. शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ (१९५३), शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३) ही त्याची साक्ष होत. जन्मावरून होणारी अवहेलना हा आपल्या समाजाचा जिवंत प्रश्न असल्यामुळे ‘सूतपुत्र’ या शब्दातील डंख मराठी वाचकाला सहज कळला. परंतु ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण स्वतःची कथा स्वतः सांगतो; निवेदक नायकच झाला म्हणजे वाचक त्याच्या बाजूने पाहू लागतो, आणि दोषाचे पारडे हलके होण्याचा संभव असतो. ‘मृत्युंजय’च्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे यांनी कर्णाची अलिप्त दृष्टीने चिकित्सा केली, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

येथे पाठचिकित्सेचेही साहाय्य होते. ‘मी सूताला वरणार नाही’ हा स्वयंवरातील द्रौपदीचा नकार कर्णाच्या कैवारात वारंवार पुढे केला जातो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या स्वीकृत पाठात त्या प्रसंगाला स्थान नाही. वाचकांच्या सहानुभूतीतून कथेत भर कशी पडत जाते, याचे हे उदाहरण मानता येईल. तो प्रसंग बाजूला ठेवला तरी कर्णाचे दुःख उणे होत नाही. शस्त्रपरीक्षेच्या रंगणात त्याला कुल विचारले जाते; तो अपमान त्या पाठातही कायम आहे.

दोन्ही महाकाव्ये अखेरीस एकाच स्थळी येऊन पोहोचतात. प्रायम पुत्राचे शव मागण्यास शत्रूच्या शिबिरात जातो आणि अकिलीस त्याच्यासह रडतो. स्त्रीपर्वाच्या शेवटी कुंती सत्य सांगते आणि युधिष्ठिर कर्णाला ज्येष्ठ बंधू म्हणून जलांजली देतो. अकिलीस हेक्टरला निर्दोष ठरवीत नाही. युधिष्ठिरही द्यूतसभा विसरलेला नाही. ज्याच्याशी आपण लढलो तो आपल्यासारखाच कोणाचा तरी पुत्र होता, आपलाच भाऊ होता, एवढेच त्यांना उमगते. पराभूत वीराविषयीची सहानुभूती ही त्याच्या बाजूने दिलेला निकाल नव्हे. निकाल लागल्यानंतरही जे नाते शिल्लक उरते, त्याची ती ओळख आहे. कर्णाचे वकीलपत्र घेण्यापूर्वी त्याच्या अभ्यासकाने हा भेद मनाशी पक्का करावा.