टोपी ठेवायची की काढायची?

फ्रेंच शिकणाऱ्याला लिंगाखालोखाल छळते ती स्वरावरची टोपी (^ ही खूण). ती कुठे द्यायची, याला १९९०पर्यंत एकच उत्तर होतं. त्या वर्षी ६ डिसेंबरला फ्रान्सच्या राजपत्रात लेखनाच्या दुरुस्त्या छापून आल्या आणि सुमारे दोन हजार शब्दांना दुसरं रूप मिळालं. ‘आय’ आणि ‘यू’वरची टोपी बहुतेक ठिकाणी ऐच्छिक झाली, कांद्याच्या ‘ओन्यों’मधला मुका ‘आय’ गेला, आकड्यांतले सगळे शब्द जोडरेघेने सांधायची मुभा मिळाली. जुनी रूपंही बरोबरच राहिली. घोळ झाला तो इथेच. ‘कोणतं बरोबर?’ असं विचारणारा विद्यार्थी आता ‘दोन्ही बरोबर, मग मी कोणतं लिहू?’ असं विचारू लागला.

टोपी मुळात आठवणीपुरती होती. पुष्कळ शब्दांत ‘एस्’चा उच्चार गेला, फ्रेंच अकादमीच्या १७४०च्या कोशाने ते अक्षरही काढलं आणि मागच्या स्वरावर टोपी ठेवली. इंग्रजी ‘हॉस्पिटल’ आणि ‘फॉरेस्ट’मध्ये तो ‘एस्’ अजून ऐकू येतो. आपल्याकडे १९६२च्या नियमांनी ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार पुसले, तेव्हाही जुन्या पिढीला चुकल्यासारखं झालंच होतं. पण महाराष्ट्राने निदान एक काय ते ठरवलं.

फ्रान्समध्ये पंचवीस वर्षं बहुतेकांनी दुरुस्त्यांकडे काणाडोळा केला. फेब्रुवारी २०१६मध्ये पाठ्यपुस्तकं नवी रूपं छापणार अशी बातमी आली आणि एकच गहजब उडाला. ‘मीच ती टोपी’ अशा अर्थाची घोषणा समाजमाध्यमांवर फिरली. टोपी सरसकट जाणार, असा समज पसरला होता. ‘ए’, ‘ई’ आणि ‘ओ’वरच्या टोपीला तर कुणी हातही लावला नव्हता!

माझ्या मते एवढी शाई टोपीवर सांडायला नको होती. खरं अवघड प्रकरण भूतकालवाचक धातुसाधिताचं आहे, आणि त्याला या दुरुस्त्यांनी जेमतेम स्पर्श केला. ‘आव्वार’ या साहाय्यक क्रियापदाबरोबर येणारं धातुसाधित कर्म आधी आलं तर त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, नंतर आलं तर नाही. सोळाव्या शतकात कवी क्लेमाँ मारो याने इटालियनचा दाखला देत हा नियम पुरस्कारला. १९००मध्ये फ्रेंच सरकारने परीक्षांत तो न पाळण्याची सवलत दिली. अकादमी खवळली आणि पुढच्याच वर्षी सवलत जवळपास सगळी मागे घेतली गेली. २०१८मध्ये बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी हा नियमच सोडून द्यावा असं सुचवलं. वाद झडला, नियम जागेवर राहिला.

मराठी माणसाला हा नियम परका वाटू नये. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’ म्हणताना आपण क्रियापद कर्माशीच जुळवतो. त्यामुळे त्याची चूक फ्रेंच मुलाच्या नेमकी उलट होते. पॅरिसचा मुलगा जुळवायचं विसरतो, कारण बहुतेकदा तो फरक कानाला कळतच नाही. पुण्याचा विद्यार्थी कर्म मागून आलं तरी हौसेने स्त्रीलिंगाचा ‘ई’ जोडून मोकळा होतो.