लेखणीवर संसार करू पाहणाऱ्यांस

गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्याने पंगतीतच जाहीर केले की, पतसंस्थेची नोकरी सोडून यापुढे लेखनावरच चरितार्थ चालवावयाचा. वहिनींचा वाढता हात थांबला. दादा उत्तरापोशन घेऊन न बोलता उठले. आम्ही हयातभर साताऱ्यात मुलांस निबंध शिकविले; साहजिकच हा खटला आमच्यापुढे आला.

"काका, आगरकरांनी नाही का केले?" हा त्याचा पहिला दाखला. दाखला खरा आहे. 1856 साली कऱ्हाडजवळ टेंभू येथे जन्मलेल्या आगरकरांनी कॉलेजात असता वृत्तपत्रांत लेख लिहून व निबंधांची बक्षिसे मिळवून आपला खर्च भागविला. परंतु ती विद्यार्थ्याची शिदोरी होती, संसाराची नव्हे. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांचे उदाहरण आम्हांस अधिक जवळचे वाटते. 1920 मध्ये ते शिरोड्यास शिक्षक झाले. पहिली कादंबरी 1930 मध्ये आली. आणि चित्रपटकथांचे काम मिळू लागल्यावर, 1938 मध्ये, त्यांनी शिरोडे सोडून कोल्हापूर गाठले. नोकरीच्या काळात लेखणी थांबली नव्हती, हे पुतण्याने ध्यानी घ्यावे.

आता लिहावयाचे काय? त्याने कासच्या फुलांवर लेख योजिला होता. फुले सुंदर खरीच, पण त्यांवर दरवर्षी किती जण लिहितात! कर्ज मागावयास आलेला शेतकरी कोणते कागद आणतो आणि कोणत्या एका कागदावाचून परत जातो, हे मात्र त्याच्याइतके कोण जाणतो? कोणाचे नाव न घेता ते लिहावे, असे आम्ही सुचविले. नांगर करणाऱ्या कारखान्याच्या किर्लोस्करवाडीहून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली, तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. 1930 मध्ये 'स्त्री' व 1934 मध्ये 'मनोहर' त्यास मिळाले. तिहींचा वाचक वेगळा. ज्या मासिकास लेख धाडावयाचा, त्याचे निदान सहा अंक आधी वाचावे.

मोबदल्याविषयी बोलण्यास आपल्या घरांत संकोच फार. तो आम्हांस महाग पडला आहे. एका नियतकालिकाने आमची लेखमाला छापली, आणि सोबत आलेल्या छापील पत्रावर आम्ही न वाचता सही केली. पुढे तेच लेख पुस्तकात दिसले; पैसा नाही, नावही नाही. सरस्वतीचे मोल कसे मागावे, या विचाराने आम्ही गप्प बसलो. आज म्हणतो, तो निव्वळ भित्रेपणा होता. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखाचे हक्क दुसऱ्यास द्यावयाचे तर लेखी व सहीचा करार लागतो. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तेव्हा "एकदा छापण्यापुरती परवानगी" हे शब्द पत्रात असावेत, आणि रक्कम व ती मिळण्याची तारीखही. हे सारे मागणे उद्धटपणाचे नव्हे.

नोकरी तूर्त सुटलेली नाही. पहाटे दोन तास लेखन चालते. दोन लेख साभार परत आले. कर्जाच्या कागदांवरील तिसरा परवा स्वीकारला गेला. वहिनींनी देवापुढे साखर ठेविली. दादांनी चष्मा लावून संपादकांचे पत्र दोनदा वाचले, आणि त्यात रकमेचा आकडा नाही, हे प्रथम त्यांनीच दाखविले.