विजयानें कोठें थांबावें?

एखाद्या महासत्तेच्या बळाचा विचार करूं लागलें म्हणजे आपलें लक्ष बहुधा तिच्या आरमाराकडे, विमानांकडे आणि अण्वस्त्रांकडे जातें. परंतु शस्त्रागारावरून राष्ट्राचें बळ समजलें, तरी त्याचें शहाणपण समजत नाहीं. त्यासाठीं तें राष्ट्र जिंकतां जिंकतां कोठें थांबतें, हेंच पाहावें लागतें. आमचें हें विधान कोणास विचित्र वाटेल. म्हणून १९५० सालीं कोरियांत अमेरिकेचें काय झालें, तें आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, तेव्हां जपानच्या ताब्यांतील कोरिया ३८ व्या अक्षांशावर दुभागला गेला. उत्तरेस रशियाचें व दक्षिणेस अमेरिकेचें सैन्य आलें. १९४८ सालीं तेथें दोन वेगळीं सरकारें झालीं, आणि पुढील वर्षीं अमेरिकेनें आपलें लढाऊ सैन्य काढून घेतलें. १२ जानेवारी १९५० रोजीं परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन यांनीं पॅसिफिक महासागरांतील अमेरिकेची संरक्षणरेषा जाहीर केली. तींत जपान होता, फिलिपाईन्स बेटें होतीं. कोरिया मात्र नव्हता. २५ जून रोजीं उत्तर कोरियाच्या फौजा अक्षांश ओलांडून दक्षिणेंत शिरल्या, आणि जी भूमि रेषेबाहेर ठेविली होती, तिच्याचसाठीं अध्यक्ष ट्रूमन यांस सैन्य धाडावें लागलें. सुरक्षा समितीनें संमति दिली. रशियाचा प्रतिनिधि तेव्हां बहिष्कार घालून बाहेर राहिला होता, त्यामुळें नकाराधिकाराचा अडथळा आला नाहीं.

येथपर्यंत हेतु स्वच्छ होता : आक्रमण परतवावयाचें. १५ सप्टेंबर रोजीं जनरल मॅकआर्थर यांनीं शत्रूच्या पिछाडीस, इंचॉन बंदरांत, सैन्य उतरविलें. दोन आठवड्यांत सेऊल परत मिळालें व उत्तरेकडील फौजांची दाणादाण उडाली. काम झालें होतें. पण हाता आलेल्या यशाबरोबर हाव वाढते, हा मनुष्यस्वभाव राष्ट्रांसही सुटत नाहीं. आतां सबंध कोरियाच एक कां करूं नये, हा विचार वॉशिंग्टनमध्यें बळावला.

याच वेळीं एक इशारा मिळाला, व तो एका भारतीयाच्या हातून मिळाला. २ ऑक्टोबरची मध्यरात्र उलटल्यावर चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनीं आपले राजदूत सरदार पणिक्कर यांस बोलावून सांगितलें, कीं अमेरिकन सैन्य अक्षांश ओलांडील तर चीन स्वस्थ बसणार नाहीं. निरोप वॉशिंग्टनला पोहोंचला. परंतु पणिक्कर हे चीनकडे झुकलेले, अशी तेथें समजूत असल्यामुळें ती पोकळ धमकी ठरली. विदुर पांडवांचा पक्षपाती, म्हणून त्याचें ऐकावयाचें नाहीं, हा दुर्योधनाचाच न्याय नव्हे काय? सांगणारा कोणाचा, हें पाहतां पाहतां, सांगणें खरें कीं खोटें, हें पाहावयाचें राहून गेलें.

१५ ऑक्टोबर रोजीं वेक बेटावर मॅकआर्थर यांनीं अध्यक्षांस निर्धास्त केलें, कीं चीन पडण्याचा संभव फारच थोडा. चौथ्या दिवशीं चिनी सैन्य यालू नदी ओलांडूं लागलें! जानेवारी १९५१ मध्यें सेऊल पुन्हां हातचें गेलें. मार्चमध्यें तें परत घेतलें, तरी एकीकरणाची आशा मावळली. मॅकआर्थर यांस युद्ध चीनच्या भूमीवर न्यावयाचें होतें; ट्रूमन यांनीं ११ एप्रिल रोजीं त्यांस दूर केलें. लोक संतापले. आमच्या मतें मात्र त्या युद्धांतील सर्वांत धैर्याचा निर्णय तोच होय.

२७ जुलै १९५३ रोजीं तह नव्हे, केवळ युद्धविराम झाला, आणि सीमा जवळजवळ पूर्वीच्याच ठिकाणीं आली. मध्यंतरीं सुमारें ३६ हजार अमेरिकन आणि लक्षावधि कोरियन व चिनी माणसें मेलीं. मायदेशीं परतण्यास नाखूष असलेल्या बावीस हजारांवर कैद्यांचा सांभाळ शेवटीं भारतीय सैन्याकडे आला. त्या सैन्याचे अधिपति कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात होते, ही गोष्ट महाराष्ट्रानें विसरूं नये. ज्यांचा निरोप ऐकला नाहीं, त्यांच्यावरच अखेर विश्वास टाकावा लागला!

हा धडा अमेरिका कधीं शिकली, कधीं विसरली. १९९१ सालीं कुवेत मुक्त होतांच ती थांबली. २००३ सालीं ती बगदादपर्यंत गेली, व त्या विजयानंतर वर्षानुवर्षें तेथें रक्त सांडत राहिलें. जग बदलतें, शस्त्रें बदलतात. पण आपला हेतु कोठें संपतो हें आधीं ठरविणें, आणि नावडत्या माणसाच्या तोंडचें सत्यही कान देऊन ऐकणें, ही नीति जुनी होत नाहीं. ती घरास लागू, तशीच महासत्तेसही लागू आहे.